सीझनच्या तोंडावर दरवर्षीची तक्रार: गाडी ओढत नाही, पेट्रोल मात्र पिते

दिवाळीची सुट्टी संपली की इंदुरातल्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या फॉर्म्युला टीमकडून, म्हणजे छोटी रेसगाडी स्वतः बनवणाऱ्या मुलांकडून, निरोप येतो: "दादा, गाडी ओढतच नाहीये. आणि पेट्रोल किती पितेय ते विचारूच नका." जानेवारीत कोइंबतूरजवळ कारी मोटर स्पीडवेवर अशा गाड्यांची स्पर्धा, फॉर्म्युला भारत, असते. हातात मोजके रविवार उरलेले असतात आणि टीममध्ये दोन तट पडलेले असतात. एका तटाच्या मते रिस्ट्रिक्टरचं (इंजिनाची हवा मर्यादित ठेवणाऱ्या अरुंद गळ्याचं) डिझाइन चुकलं, दुसऱ्याला मॅप (केव्हा किती पेट्रोल द्यायचं ती तक्ती) पहिल्यापासून लिहायचा असतो. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा कारण या दोन्हींत नसतं. मुलं पास होऊन पुण्या-बंगळुरूला निघून जातात, पुढची बॅच येते आणि त्याच जागी अडकते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

गृहीत धरलेली गाडी अशी: केटीएम ३९० चं एक सिलिंडरचं इंजिन, बाहेरून घेतलेला ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, आणि चाचणी म्हणजे कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर शंकू मांडून मारलेल्या फेऱ्या. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक हाकेच्या अंतरावर आहे, पण तो आपल्या कामाचा नाही. आपली गाडी वळणांची आहे, सरळ पळायची नाही.

आधी तक्रार नीट ऐका

"ओढत नाही" आणि "पिते" या दोन तक्रारी आहेत. त्या एकत्र आल्या का, यावर निदानाची दिशा ठरते.

दोन्ही एकत्र असतील तर संशय तीन ठिकाणी घ्यायचा: मिश्रण रिच झालंय (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), ब्रेक घासतायत, किंवा क्लच घसरतोय. या तिन्हींत पेट्रोल जळतं पण चाकापर्यंत ताकद पोचत नाही. ओढत नाही पण पेट्रोल नेहमीइतकंच किंवा कमी लागतंय, तर इंजिनाला हवाच पुरत नाही, किंवा मिश्रण लीन आहे (पेट्रोल कमी), किंवा व्हॉल्व्ह-कॉम्प्रेशनची भानगड आहे. इथे सगळ्यात आधी एकाला पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि दुसऱ्याने थ्रॉटल बॉडीत डोकावून बटरफ्लाय (हवा अडवणारी चकती) खरंच पूर्ण उघडतंय का ते बघा. पॅडलचा स्टॉपर आधी लागतो, थ्रॉटल ऐंशी टक्क्यांवरच थांबतं, आणि टीम लॅपटॉप उघडून बसलेली असते, हे दृश्य नवीन नाही. टीपीएसचा (थ्रॉटल किती उघडलं ते सांगणाऱ्या सेन्सरचा) शंभर टक्के त्याच चुकीच्या जागी कॅलिब्रेट केलेला असतो, त्यामुळे लॉगमध्येही (ईसीयूने साठवलेल्या नोंदीत) सगळं छान दिसतं.

तिसरा प्रकार, गाडी मस्त ओढते पण पेट्रोल पिते. हा इंजिनाचा आजार क्वचित असतो. तो बहुधा चालकाचा, गिअरिंगचा, नाहीतर मोजमापाचा असतो.

मोजमाप, कारण इथेच निम्म्या तक्रारी संपतात

"मागच्या वर्षी एवढं लागत नव्हतं" म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: मागच्या वर्षी मोजलं कसं होतं? उत्तर बहुतेकदा "टाकीत बघून" असं येतं. पाच-सहा फेऱ्यांत तीनशे मिली पेट्रोल लागलं आणि टाकी भरताना पातळी वाचण्यात पन्नास मिलीची चूक झाली, तर सोळा-सतरा टक्क्यांचा फरक हवेतून तयार झाला. एवढ्या फरकावर लोक इंजेक्टर बदलतात.

पेट्रोल वजनावर मोजा. सियागंजातून पाच-दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणा, कॅनचं वजन आधी घ्या, गाडी सपाट जागेवर उभी करून साइट ट्यूबवरच्या (टाकीची पातळी दाखवणाऱ्या नळीवरच्या) खुणेपर्यंत भरा, कॅनचं वजन पुन्हा घ्या. लिटर उन्हात फुगतो, किलो फुगत नाही. चार लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर पाऊणशे मिली सहज वाढतं. भरल्यावर गाडी जरा हलवा, कारण टाकीतल्या फोममध्ये आणि बॅफलच्या मागे हवा अडकते आणि पातळी मग खाली बसते. आणि निदान दहा-बारा किलोमीटर सलग चालवल्याशिवाय आकड्यावर बोलूच नका. एन्ड्युरन्स, म्हणजे स्पर्धेतली लांब पल्ल्याची धाव, २२ किलोमीटरची असते. तिचा अंदाज तीन फेऱ्यांवरून बांधता येत नाही.

वेळेचंही तेच आहे. गेल्या वर्षीचा ७५ मीटर ॲक्सिलरेशनचा आकडा नव्या टायरवर, धुतलेल्या डांबरावर घेतलेला. यंदाचा त्याच टायरवर, वर्षभर उन्हात वाळलेल्या. शिवाय चालक पाच किलोने भरलेला. यात इंजिनाचा काय दोष?

बरं, अमेरिकेतल्या मूळ फॉर्म्युला एसएईच्या नियमांत १०० किलोमीटरला २६ लिटरच्या वर गेलात तर एफिशियन्सीचे (इंधन कमी वापरण्याचे) गुण शून्य होतात. २२ किलोमीटरला हिशोब साधारण ५.७ लिटर. एक सिलिंडरची गाडी इथवर पोचायला बराच काहीतरी बिघाड लागतो, तेव्हा घाबरण्याआधी हा भागाकार करून बघा.

चाक हाताने फिरवा

मोजूनही तक्रार कायम राहिली तर लॅपटॉप बंद ठेवा आणि गाडी स्टँडवर घ्या.

थंड गाडीत चारही चाकं हाताने फिरवून बघा आणि नोंद करा. मग आठ-दहा फेऱ्या जोरात मारून गाडी आली की लगेच पुन्हा फिरवा. थंडीत मोकळं फिरणारं चाक गरम झाल्यावर जड झालं असेल तर आजार जवळजवळ सापडला. सापडला का याची खात्री करायला त्या कॅलिपरचा ब्लीड निपल (ब्रेकचं तेल सोडायचा स्क्रू) क्षणभर सैल करा. चाक एकदम मोकळं झालं, तर ब्रेकच्या लाइनमध्ये दाब अडकून राहतोय. याचं कारण मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला मोकळी खेळी ठेवलेली नाही. पॅडल "टाइट" लागावं म्हणून कुणीतरी रॉड लांब केलेला असतो. पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तेल तापून फुगतं आणि त्याला जायला वाट नसते. पहिल्या दोन फेऱ्या गाडी झकास, पाचव्या फेरीपासून जड, दहाव्या फेरीला चालक म्हणतो इंजिन बसलं. रॉड थोडा आत घ्या, पॅडलच्या सुरुवातीला अगदी किंचित रिकामी हालचाल जाणवली पाहिजे.

निपल सैल करूनही चाक जडच राहिलं तर कॅलिपरचं सील चिकटलंय, नाहीतर कॅलिपरचा माउंट डिस्कला समांतर नाही. बाइकचे कॅलिपर आपल्या घरच्या ब्रॅकेटवर बसवलेले असतात, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ब्रॅकेट किती वाकलं हे कुणी तपासत नाही.

यासोबत आणखी एक साधी चाचणी ठेवा. चालक आत, गिअर न्यूट्रल, सपाट रस्ता, आणि ताणकाटा लावून गाडी सावकाश ओढा. काट्यावर किती किलो आले ते वहीत लिहा. हा आकडा दर आठवड्याला घेतलात तर चेन फार ताणली, टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडला, टायरमधली हवा कमी झाली, बेअरिंग गेलं, यांपैकी काहीही झालं की तो लगेच वाढेल. कुठल्याही डायनोपेक्षा (ताकद मोजायच्या यंत्रापेक्षा) मला या काट्यावर जास्त भरवसा आहे, आणि तो फुकट आहे.

क्लचसाठी लॉग उघडा, पण मॅप नाही. एका गिअरमध्ये इंजिनच्या फेऱ्या आणि चाकाचा वेग यांचं गुणोत्तर ठरलेलं असतं. पूर्ण थ्रॉटलवर ते गुणोत्तर वर सरकत असेल तर क्लच घसरतोय. मागचा टायर घसरला तरी तसं दिसतं, म्हणून हे सरळ रस्त्यावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये बघायचं. घसरत असेल तर प्लेट बदलण्याआधी केबलची खेळी बघा; फ्रेममधून वळणं घेत आणलेली केबल बसल्या जागी क्लच किंचित दाबून ठेवते. आणि इंजिनात तेल कोणतं ओतलंय ते विचारा. बाइकचा क्लच तेलात बुडालेला असतो. प्रायोजकाने कारचं महागडं तेल दिलं म्हणून ते ओतायचं नसतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२, म्हणजे तेलातल्या क्लचला चालणारं, असं लिहिलेलं हवं.

पहाटे पिते, दुपारी नाही?

हा खास आपल्या माळव्यातला आजार. डिसेंबरात इंदूरची पहाट दहा-बारा अंशांवर येते, कॉलेजचा रस्ता त्याच वेळी रिकामा मिळतो, म्हणून चाचण्या पहाटे होतात. बऱ्याच टीम कूलिंग सोपं करायला थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि रेडिएटर "असू दे मोठा" म्हणून मोठा लावतात. मग इंजिन साठ-पासष्ट अंशांच्या वर चढतच नाही. ईसीयूला वाटतं इंजिन अजून गरम व्हायचंय, आणि तो वॉर्म-अपचं जादा पेट्रोल ओततच राहतो. इंजिन सुस्त, सायलेन्सर काळा, वापर वाढलेला.

लॉगमध्ये कूलंटचं तापमान आणि वॉर्म-अप करेक्शन शेजारी शेजारी लावून बघा. उपाय म्हणजे थर्मोस्टॅट परत बसवणं. ते जमत नसेल तर चाचणीपुरता रेडिएटरवर पुठ्ठा बांधा. वॉर्म-अपची तक्ती बदलू नका. ती बदललीत तर स्पर्धेच्या दिवशी सकाळी गाडी सुरू होणार नाही, आणि मग दोन रांगा सोडून उभ्या असलेल्या टीमकडे बूस्टर बॅटरी मागत फिराल. कूलंट सेन्सर स्वतःच थंड दाखवत असेल तर लक्षणं हुबेहूब हीच येतात. इन्फ्रारेड थर्मामीटरने पडताळून घ्या.

सेन्सर खोटं बोलतो तेव्हा

आता लॅम्बडा, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण रिच की लीन ते सांगणारा सेन्सर. दोन्ही तक्रारी एकत्र आणि ब्रेक-क्लच निर्दोष, असं झालं की माझा पहिला संशय मॅपवर नसतो, लॅम्बडा सेन्सरवर असतो.

एक सिलिंडरच्या इंजिनाचा एक्झॉस्ट झटक्यांनी वाहतो. दोन झटक्यांच्या मध्ये पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. हेडपाशी गॅस्केट जरा गळत असेल, स्प्रिंग लावलेला जोड सैल असेल, किंवा पाइप इतका आखूड असेल की टोकातून ताजी हवा आत खेचली जाते, तर ती हवा सेन्सरपाशी पोचते. सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, तो कुठून आला हे त्याला कळत नाही. म्हणून तो "लीन" म्हणतो. ट्यूनिंगला बसलेला मुलगा पेट्रोल वाढवतो. अजून लीन दिसतं, अजून वाढवतो. क्लोज्ड लूप (सेन्सर बघून पेट्रोल आपोआप बदलणं) चालू असेल तर हे पाप ईसीयू स्वतःच करतो. मिसफायरचंही असंच आहे: न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, सेन्सर लीन दाखवतो, आणि प्लग मात्र काजळीने काळाकुट्ट.

सेन्सर लीन म्हणतोय आणि प्लग काळा आहे, असं दिसलं की विश्वास प्लगवर ठेवा. मग थंड इंजिनावर सायलेन्सरच्या टोकाला ब्लोअर लावा, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडा, आणि बुडबुडे शोधा. सेन्सर टोकापासून जितका आत नेता येईल तितका न्या, पण हेडच्या इतकाही जवळ नको की तो भाजून जाईल. आयडलवरचं लॅम्बडा वाचन तर अशा पाइपमध्ये सोडूनच द्या.

सेन्सरवरून भांडण मोठ्या टीमनाही चुकलेलं नाही. २०१४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये हायब्रिड टर्बो इंजिनं आली, एका शर्यतीला १०० किलो इंधन आणि ताशी १०० किलोच्या प्रवाहाची मर्यादा लागली. सीझनपूर्व चाचणीत स्पेनमधल्या हेरेथला रेड बुलच्या गाड्यांनी चार दिवसांत मिळून अवघ्या २१ फेऱ्या मारल्या. मेलबर्नच्या शर्यतीत रेड बुलचा डॅनियल रिकार्डो दुसरा आला, आणि इंधनाचा प्रवाह मर्यादेबाहेर गेला म्हणून बाद झाला. टीमचं म्हणणं होतं की फॉर्म्युला वनच्या नियामक संघटनेने दिलेला सेन्सर चुकीचं दाखवत होता आणि त्यांचा स्वतःचा हिशोब बरोबर होता. अपील फेटाळलं गेलं. पण त्याच गाडीने त्या वर्षी तीन शर्यती जिंकल्या आणि संघांच्या यादीत दुसरी जागा मिळवली, तेव्हा डिसेंबरच्या रडारडीला फार किंमत देऊ नका.

रिस्ट्रिक्टरवर खापर फोडण्याआधी

थोडं गणित. ३७३ सीसीचं इंजिन ९,००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त १,७०० लिटरच्या आसपास हवा घेतं, म्हणजे सेकंदाला साधारण ३० ग्रॅम. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथल्या दाबाला २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून सेकंदाला जास्तीत जास्त ७० ग्रॅमच्या जवळपास जाऊ शकतात. तुमचं इंजिन सरासरीने त्याच्या निम्मीही हवा मागत नाही. ६०० सीसीच्या चार सिलिंडरवाल्यांचा गळा तिथे खरोखर आवळला जातो, तुमचा नाही.

एक मेख मात्र आहे. एक सिलिंडर चार स्ट्रोकपैकी एकाच स्ट्रोकमध्ये हवा ओढतो, म्हणून त्या क्षणाची मागणी सरासरीच्या तिप्पट-चौपट होते, आणि ती रिस्ट्रिक्टरला झेपत नाही. हे सावरायचं काम प्लेनमचं, म्हणजे रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्यामधल्या हवेच्या डब्याचं. तेव्हा इंजिनच्या वरच्या फेऱ्यांना गाडी खरोखरच दमत असेल तर रिस्ट्रिक्टरचा कोन बदलण्यात आठवडा घालवू नका, प्लेनमचा आकार तपासा. आणि प्लेनम आपण थ्रीडी प्रिंट केलेला असेल तर आधी त्याची गळती बघा. रिस्ट्रिक्टरचं तोंड तळहाताने झाकलं की इंजिन बंद पडायलाच हवं. स्पर्धेच्या तपासणीत परीक्षक तेच करून बघतात. इंजिन चालूच राहिलं, तर मागे कुठेतरी चोरवाट आहे, आणि अल्फा-एनवर (फक्त थ्रॉटल आणि इंजिनच्या फेऱ्यांवरून पेट्रोल ठरवत) चालणाऱ्या ईसीयूला त्या हवेचा पत्ताच नसतो.

पंपावरचं पेट्रोल

हा मुद्दा गेल्या काही वर्षांत वाढलाय. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, दहा टक्के इथेनॉलवाल्याला १४.१ च्या आसपास, वीस टक्केवाल्याला साडेतेराच्या आसपास. सीनियर दादाचा दहा टक्क्यांच्या काळातला मॅप तसाच उचललात, तर तो आता चार टक्के लीन चालतो. गाडी हिसके देते, आणि कुणीतरी घाबरून सगळा मॅप सरसकट पंधरा टक्क्यांनी वाढवून ठेवतं. ट्यूनिंग नेहमी लॅम्बडात करा (१ म्हणजे नेमकी पुरेल इतकी हवा, त्याखाली रिच), हवा-इंधन गुणोत्तरात नको, कारण मीटरवरचा १४.७ पेट्रोल बदललं तरी तोच राहतो. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे वापर थोडा वाढणारच. जुन्या वहीतल्या आकड्यांशी तुलना करताना हे लक्षात ठेवा. पावसाळ्यापासून वर्कशॉपच्या कोपऱ्यात झाकण सैल ठेवलेला कॅन चाचणीला वापरूच नका, त्यात पाणी ओढलं गेलेलं असतं.

इथली हवा, तिथली हवा

इंदुरात पहाटे दहा अंशांत बसवलेला मॅप कोइंबतूरच्या दुपारी तीस-एकतीस अंशांत चालणार आहे. कोइंबतूर आपल्यापेक्षा दीडशे मीटर खाली आहे, त्याने हवा किंचित दाट होते, पण उष्णता तेवढ्यावर मात करते. गोळाबेरीज, हवा पाचेक टक्क्यांनी विरळ. ईसीयूत हवेच्या तापमानाचं आणि बॅरोमीटरचं करेक्शन चालू नसेल तर गाडी तिथे पाच टक्के रिच चालेल आणि "इंदुरात ठीक होती, इथे आल्यावर बसली" हे वाक्य ऐकायला मिळेल. म्हणून एखादी तरी चाचणी भर दुपारी करा. हवेचा सेन्सर एक्झॉस्टपासून दूर, प्लेनमच्या तोंडाशी असू दे.

लॉगमध्ये बॅटरीचं व्होल्टेजही बघा. रेक्टिफायर नीट चार्ज करत नसेल तर पंखा लागला की व्होल्टेज पडतं, इंजेक्टर उशिरा उघडतो, आणि एन्ड्युरन्सच्या दुसऱ्या चालकाला वेगळीच गाडी मिळते.

पेट्रोल वाचवायचंच असेल तर

इतकं सगळं झाल्यावर मॅपला हात लावा, आणि तोही दोनच ठिकाणी. लॉगमधून थ्रॉटल किती वेळ कुठे असतं ते काढा. पूर्ण थ्रॉटल फार कमी वेळ असतं. अर्ध्या थ्रॉटलला लॅम्बडा १ च्या जवळ आणता येतो, पूर्णला ०.८८ ते ०.९० राहू द्या. दुसरं, पाय काढल्यावर पेट्रोल तोडणं. आपल्या वळणावळणाच्या ट्रॅकवर चालक दर ब्रेकला पाय काढतो, आणि बऱ्याच टीमच्या ईसीयूत ही सोय बंदच असते, कारण परत पाय ठेवताना झटका बसतो. झटका घालवता येतो. त्यासाठी पेट्रोल जाळत राहायची गरज नाही.

चालकांचा वापर वेगवेगळा मोजा. एकाच वेळेत फेरी मारणाऱ्या दोघांत मोठा फरक निघतो. जो वळणातून बाहेर पडताना वरचा गिअर टाकून निघतो तो कमी पितो. पण हळू चालवून पेट्रोल वाचवायचा मोह नको: मूळ नियमांत एन्ड्युरन्सला २७५ गुण आहेत, एफिशियन्सीला १००, आणि एफिशियन्सीच्या सूत्रातही वेळ मोजली जाते.

आणि यातलं काहीच निघालं नाही, तर कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्स बघा. आपली इंजिनं बहुधा अपघातातल्या बाइकवरून आलेली असतात, आणि एअर फिल्टर न लावता कॉलेजच्या धुळीत वर्षभर चाललेली असतात. लीक-डाउनमध्ये (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती बघण्याच्या चाचणीत) ऑइल फिलरमधून हवा फुसफुसली तर रिंग गेल्या, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे कळलं तर हेड उतरवा. शेवटच्या आठवड्यात कळलं तर उतरवू नका, आहे त्या इंजिनावर जा आणि येताना दुसरं शोधायला लागा.